काळा घोडा : मुंबईतील कलावीथी व बाजारपेठ

काळा घोडा : दक्षिण मुंबईच्या फोर्ट विभागातील कलावीथी, संग्रहालये, ग्रंथालये, कलावस्तूंची व पुस्तकांची दुकाने आणि उपाहारगृहे यांसाठी प्रसिद्ध असलेला परिसर. दक्षिणेस रीगल चित्रपटगृहाचा चौक, उत्तरेस मुंबई विद्यापीठ, पूर्वेस नौदलाच्या जुन्या गोदीचे सिंहद्वार (लायन गेट) व पश्चिमेस ओव्हल मैदान या त्याच्या सर्वसाधारण सीमा होत. महात्मा गांधी मार्ग (पूर्वीचा एस्प्लनेड रोड), के. दुभाष मार्ग (पूर्वीचा रॅम्पार्ट रो), वि. भा. गांधी मार्ग (पूर्वीचा फोर्ब्झ स्ट्रीट) आणि साईबाबा मार्ग (पूर्वीची रोप वॉक लेन) हे येथील प्रमुख रस्ते आहेत. क्षेत्रफळाने हा परिसर लहान असून तो पायी हिंडून अर्ध्या तासात पाहता येतो. तथापि आधुनिक भारतीय चित्रकलेच्या प्रदर्शनाची व विक्रीची व्यवस्था ज्या थोड्या जागी प्रथम आकारास आली, त्यांत त्याची गणना होते. कलेचा बाजार व्हावा, अशी कोणतीही योजना आखून हा परिसर वसविलेला नव्हता. दानातून उभ्या राहिलेल्या सार्वजनिक वास्तू, जुन्या इमारतींतील माफक भाड्याच्या जागा आणि पैसे न देता बसता-पाहता येईल असे कोपरे एकमेकांलगत आल्यामुळे तो घडत गेला.

नाव व पुतळा : परिसराचे नाव एका अश्वारूढ पुतळ्यावरून पडले. इंग्लंडचा युवराज प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे राजा सातवा एडवर्ड) १८७५-७६ मध्ये भारतभेटीस आला होता. त्या भेटीचे स्मारक म्हणून बगदादी ज्यू व्यापारी सर अल्बर्ट ससून यांनी त्याचा ब्राँझचा पुतळा शहरास अर्पण केला. तो मूर्तिकार सर जोसेफ एडगर बोम यांनी घडविला होता व १८७९ मध्ये तो रॅम्पार्ट रोच्या तोंडाशी उभारण्यात आला. धातूच्या काळसर रंगामुळे लोक त्याला ‘काळा घोडा’ म्हणू लागले. सर्वसामान्यांच्या बोलीत स्वाराचा उल्लेख मागे पडून घोड्याचेच नाव रूढ झाले, ही लक्षणीय गोष्ट होय. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश राज्यकर्त्यांचे पुतळे सार्वजनिक जागांवरून हलविण्यात आले, तेव्हा १९६५ मध्ये हा पुतळाही भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी नेण्यात आला. रिकाम्या झालेल्या जागेचा उपयोग वाहनतळ म्हणून होऊ लागला. घोडा गेला तरी नाव मात्र टिकले. पुढे २०१७ मध्ये मूळ जागेनजीक स्वारविरहित काळ्या घोड्याचा नवा पुतळा बसविण्यात आला. त्याची संकल्पना वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची असून तो मूर्तिकार श्रीहरी भोसले यांनी घडविला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अठराव्या शतकातील मुंबई ही तटबंदीच्या आत वसलेली होती. सध्याचा के. दुभाष मार्ग या तटाच्या रेषेनजीक असून त्याचे ‘रॅम्पार्ट रो’ हे जुने नाव त्याचीच आठवण देते. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत (१८६२–६७) तट पाडण्यात आला व त्याबाहेरील मोकळ्या मैदानालगतची जागा बांधकामास उपलब्ध झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या व्यापारातून मुंबईत अमाप पैसा आला होता. त्यातील काही भाग शहरातील धनिकांनी सार्वजनिक इमारतींसाठी दिला. एस्प्लनेड रोडच्या पश्चिमेकडील वास्तूंची रांग ही या कालखंडाची व त्यानंतरच्या दोन-तीन दशकांची निर्मिती होय.

यांपैकी डेव्हिड ससून ग्रंथालयाचा इतिहास विशेष उल्लेखनीय आहे. सरकारी टांकसाळ व गोदी यांत काम करणाऱ्या यंत्रज्ञांनी १८४७ मध्ये आपल्यासाठी एक संस्था स्थापन केली होती. तिला स्वतःची वास्तू असावी, या हेतूने डेव्हिड ससून यांनी ६०,००० रुपयांची देणगी दिली आणि १८७० मध्ये सध्याची पिवळसर मालाड दगडाची इमारत पूर्ण झाली. तिच्या मागील बाजूची बाग व वरच्या मजल्यावरील आरामखुर्च्या यांमुळे हे ग्रंथालय वाचकांप्रमाणे विसाव्यासाठी येणाऱ्यांचेही आवडते ठिकाण ठरले. शेजारची एल्फिन्स्टन महाविद्यालयाची इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागारही याच वास्तूत आहे. वि. भा. गांधी मार्गावरील केनेसेथ एलियाहू हे ज्यू प्रार्थनामंदिर १८८४ मध्ये ससून घराण्यातील जेकब ससून यांनी बांधविले. मुंबईत ज्यू वस्ती अत्यल्प उरली असली, तरी २०१९ मध्ये त्याचे जीर्णोद्धाराचे काम पूर्ण करण्यात आले.

परिसराच्या दक्षिण टोकास असलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमची (१९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) कोनशिला १९०५ मध्ये बसविण्यात आली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली. तथापि पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून झाल्याने संग्रहालय जनतेस खुले होण्यास १९२२ साल उजाडले. त्याच वास्तुविशारदाने आखलेले सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह १९११ मध्ये त्याच्या समोरच्या बाजूस उभे राहिले.

वसाहतकालीन बाजारपेठ : या भागातील खरेदी-विक्री प्रारंभी यूरोपीय रहिवासी व श्रीमंत भारतीय यांच्या गरजांशी निगडित होती. जॉन वॉटसन हा मूळचा कापडाचा व्यापारी. त्याने १८६७–६९ या काळात इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी खांब व तुळया जहाजाने आणवून एस्प्लनेड रोडवर एक भव्य इमारत उभी केली. तिची रचना रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याची होती. ही इमारत पुढे वॉटसन्स हॉटेल म्हणून गाजली. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूम्येअर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. हॉटेल बंद पडल्यानंतर तिच्यात लहानलहान कचेऱ्या व दुकाने थाटली गेली आणि ती ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. दुरुस्तीअभावी ती जीर्ण होत गेली व २०१९ मध्ये रिकामी करण्यात आली. लष्करी अधिकारी व त्यांचे कुटुंबीय यांना विलायती माल पुरविणाऱ्या लंडनच्या ‘आर्मी अँड नेव्ही’ सहकारी संस्थेचे मुंबईतील भांडारही याच रस्त्यावर होते. त्याची इमारत जुन्या नावानेच परिचित आहे.

ब्रिटिश सत्तेबरोबर अशा दुकानांचा मूळ ग्राहकवर्ग नाहीसा झाला. काही पेढ्या बंद पडल्या, तर काहींनी आपला व्यवसाय बदलला. संग्रहालयासमोरील ‘फिलिप्स’ ही पेढी १८६० मध्ये औषधांचे दुकान म्हणून निघाली होती. ती पुढे जुनी भांडी, नकाशे, छापचित्रे व पुराणवस्तू यांच्या विक्रीसाठी नावारूपास आली. यूरोपीय घरांतील सामान मालकांच्या प्रस्थानानंतर बाजारात आले आणि त्यातून जुन्या वस्तूंच्या व्यापारास मुंबईत चालना मिळाली.

चित्रप्रदर्शनांचा प्रारंभ : मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ मध्ये व बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली. सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांमुळे चित्रकारांस पारितोषिके व काही गिऱ्हाइके मिळत. परंतु चित्रकाराने स्वतःची चित्रे स्वतंत्रपणे मांडावीत, अशी कायमची जागा शहरात दीर्घकाळ नव्हती. १९४० नंतरच्या दशकात ही उणीव तीव्रतेने जाणवू लागली. नाझी राजवटीपासून दूर जाऊन मुंबईत आलेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रूडॉल्फ फोन लायडन व संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी तरुण चित्रकारांस यूरोपातील नव्या कलेची ओळख करून दिली, त्यांची चित्रे विकत घेतली व त्यांच्याविषयी लिहिले.

फ्रान्सिस न्यूटन सोझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरि अंबादास गाडे व मूर्तिकार सदानंद बाक्रे या सहा जणांच्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप’ची (स्थापना १९४७) मुंबईतील पहिली सामुदायिक प्रदर्शनी १९४९ च्या जुलैमध्ये रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरली. तिचे उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केले. या कलावंतांची पूर्वपीठिका पाहता परिसराच्या सामाजिक स्वरूपावर प्रकाश पडतो. सोझा गोव्यातील साळगावचे होते व त्यांना कलाशाळेतून काढून टाकण्यात आले होते. पंढरपूरला जन्मलेले हुसेन चित्रपटांचे फलक रंगवीत, तर आरा यांनी मोटारी धुण्याचे काम केले होते. गाडे अमरावती जिल्ह्यातून आलेले होते. यांपैकी कोणासही भाड्याने दालन घेणे परवडण्याजोगे नव्हते. सोझा, रझा व बाक्रे हे अल्पावधीत यूरोपला निघून गेल्याने गट विस्कळित झाला. आरा मात्र मुंबईतच राहिले आणि रॅम्पार्ट रोवरील ‘आर्टिस्ट्स सेंटर’ या कलावंतांच्या साहाय्यार्थ चालविल्या जाणाऱ्या दालनाशी त्यांचा दीर्घकाळ निकटचा संबंध होता.

जहांगीर कलावीथी : चित्रकार कृ. हेब्बर व शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आग्रहावरून सर कावसजी जहांगीर (दुसरे बॅरोनेट) यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ही कलावीथी उभी राहिली. संग्रहालयाच्या आवारालगत दुर्गा बाजपेयी यांनी तिची आखणी केली. घुमट-कमानींच्या शेजारी सिमेंट काँक्रीटच्या घडीदार छताची ही साधी वास्तू स्वतंत्र भारतातील नव्या वास्तुशैलीची द्योतक होय. तिचे उद्घाटन २१ जानेवारी १९५२ रोजी मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री बा. गं. खेर यांच्या हस्ते झाले.

येथील व्यवस्था खाजगी दुकानाहून भिन्न आहे. कलावंत अर्ज करतो, निवड-समिती त्याची कामे पाहते व निवड झाल्यास त्याला साधारणतः एका आठवड्यासाठी दालन मिळते. दालनाचे माफक शुल्क तो भरतो, चित्रे स्वतः टांगतो व विक्रीही स्वतःच करतो. मागणी एवढी मोठी आहे, की निवड झाल्यावरही कित्येक वर्षे थांबावे लागते. प्रेक्षकास प्रवेशमूल्य द्यावे लागत नाही. त्यामुळे कचेरीतून परतणारा कारकून, शाळेची सहल, पावसात आडोसा शोधणारा वाटसरू हे सर्व या दालनांचे प्रेक्षक ठरले. सोलापूर, कोल्हापूर, नागपूर वा पणजी येथील चित्रकारास मुंबईत कोणाची ओळख नसली, तरी येथे क्रमाने का होईना आपली चित्रे मांडता येतात. महाराष्ट्रातील अनेक कलाशिक्षकांच्या व होतकरू चित्रकारांच्या दृष्टीने ‘जहांगीरला प्रदर्शन’ हा आयुष्यातील महत्त्वाचा टप्पा ठरला, तो याच कारणाने. पावसाळ्यात कलावीथीतर्फे तरुण कलावंतांसाठी भरविले जाणारे ‘मान्सून शो’ हे प्रदर्शनही उल्लेखनीय आहे.

खाजगी कलावीथींचा उदय : चित्रांच्या व्यापाराची मुंबईतील वाट तसबिरींच्या चौकटींच्या धंद्यातून गेली. केकू गांधी (१९२०–२०१२) यांनी १९४१ मध्ये ‘केमोल्ड’ या नावाने चौकटींचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरील दुकानाच्या दर्शनी खिडकीत आरा, हेब्बर, हुसेन यांसारख्या चित्रकारांची चित्रे मांडली जात. चौकट विकण्यासाठी चित्र लागे आणि चित्रकारास प्रेक्षक हवे असत, त्यामुळे या मांडणीचा उभयतांस लाभ झाला. १९६३ मध्ये केकू व त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी जहांगीर कलावीथीच्या पहिल्या मजल्यावर ‘गॅलरी केमोल्ड’ स्थापन केली. त्याच वर्षी काली पंडोल यांनी जवळच फ्लोरा फाउंटन येथे आपली कलावीथी सुरू केली.

या दालनांनी निवडक कलावंतांशी दीर्घकालीन संबंध जोडले व त्यांची चित्रे संग्राहकांपर्यंत नेली. ठाणे जिल्ह्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रे १९७५ च्या सुमारास केमोल्डमध्ये मांडण्यात आली. घराच्या भिंतीवर लग्नविधीच्या निमित्ताने रेखाटली जाणारी चित्रे कागदावर उतरून शहरी कलावीथीत येणे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. जहांगीर निकल्सन (१९१५–२००१) या कापूस व्यापाऱ्याने या परिसरातील कलावीथींतून हिंडता हिंडता चित्रे जमविली. सुमारे ८०० कलाकृतींच्या त्याच्या संग्रहातील निवडक कामे २०११ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील स्वतंत्र दालनात दाखविली जाऊ लागली.

सार्वजनिक कलासंग्रहालयाची मागणीही याच वर्तुळातून पुढे आली. सर कावसजी जहांगीर सभागृहात एके काळी संगीताच्या मैफली होत. नंतर त्याची रया जाऊन तेथे मुष्टियुद्धाचे सामने, कामगारांच्या सभा, लग्नसमारंभ व कातडी वस्तूंचे विक्रीमेळे भरू लागले. केकू गांधी, मूर्तिकार पिलू पोचखानवाला प्रभृतींनी त्याच्या पुनरुद्धारासाठी प्रयत्न केले आणि प्रदीर्घ कामानंतर १९९६ मध्ये तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा सुरू झाली.

दुकाने व उपाहारगृहे : कलावीथींबरोबरच येथील काही दुकाने व उपाहारगृहे सांस्कृतिक संस्थांसारखीच वावरली. रॅम्पार्ट रोवर १९४६ मध्ये सुरू झालेले ‘चेतना’ हे शाकाहारी भोजनालय व तत्त्वज्ञानविषयक ग्रंथांचे दुकान होय. गिरगावातील खेतवाडीत विडीचे दुकान चालविणारे निसर्गदत्त महाराज यांचे मराठी संवाद मॉरिस फ्रिडमन यांनी इंग्रजीत आणले व सुधाकर दीक्षित यांच्या संपादनाखाली ‘चेतना’ने १९७३ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढे हा ग्रंथ जगभर वाचला गेला.

‘ऱ्हिदम हाउस’ हे संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचे दुकान १९४८ मध्ये सुरू झाले. तेथे विकत घेण्यापूर्वी ध्वनिमुद्रिका ऐकून पाहण्याची सोय होती. हिंदुस्थानी रागदारी, मराठी नाट्यसंगीत, पाश्चात्त्य अभिजात संगीत व जॅझ यांची आवड असलेले लोक तेथे विकत घेण्याइतकेच ऐकण्यासाठी जात. तबकड्यांमागून ध्वनिफिती व नंतर सीडी असे बदल त्याने पचविले. मात्र संगीत आंतरजालावरून मिळू लागल्यानंतर त्याचा व्यवसाय घटत गेला व २०१६ मध्ये ते बंद झाले.

कलावीथीसमोरील ‘वेसाइड इन’ हे उपाहारगृह लेखक-विचारवंतांचे भेटण्याचे ठिकाण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे येऊन वाचन-लेखन करीत. मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काव्यलेखन करणारे अरुण कोलटकर अनेक वर्षे तेथील खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. समोरच्या वाहनतळावर राहणारे, झाडणारे, विकणारे लोक व भटकी कुत्री हे त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) या इंग्रजी संग्रहाचे विषय होत. कलावीथींच्या परिसरात राबणाऱ्या निराश्रितांचे जीवन ज्यात आले, असा हा विरळा दस्तऐवज म्हणता येईल. हे उपाहारगृह एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी बंद झाले.

जहांगीर कलावीथीतील ‘समोवार’ हे उपाहारगृह उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केले. संग्रहालयाच्या हिरवळीकडे उघडणाऱ्या एका अरुंद ओवरीत ते होते. चहाचा एक पेला व पराठा एवढ्या खर्चात तेथे तासन्‌तास बसता येई. प्रदर्शनास आलेले चित्रकार, विद्यार्थी, पत्रकार, नाट्यकलावंत यांच्या गाठीभेटी तेथे होत. जागेसंबंधीच्या दीर्घ वादानंतर ३१ मार्च २०१५ रोजी ते बंद झाले.

पदपथावरील विक्री : जहांगीर कलावीथीबाहेरील पदपथ हे परिसराचे आणखी एक प्रदर्शनस्थान होय. ज्यांना आतील दालन मिळालेले नाही वा ज्यांना तेवढा काळ थांबता येत नाही, असे चित्रकार येथे कुंपणालगत चित्रे मांडतात. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचे व्यक्तिचित्र काही मिनिटांत पेन्सिलीने काढून देणारे कलावंतही येथे असतात. गणपती, वारली आकृत्या, मुंबईच्या रस्त्यांची जलरंगातील दृश्ये यांना येथे विशेष मागणी असते. दालनातील चित्राची किंमत विचारण्यास कचरणारा मध्यमवर्गीय ग्राहक पदपथावर निःसंकोचपणे घासाघीस करतो. घराच्या भिंतीवर छापील तसबिरीऐवजी हाताने काढलेले चित्र लावण्याची सवय अनेक कुटुंबांस अशा खरेदीतून लागली. त्यामुळे कलेच्या प्रसाराच्या दृष्टीने या विक्रीचे महत्त्व कमी लेखता येत नाही.

कला महोत्सव व वारसा-संरक्षण : मुंबईत १९९५ मध्ये वारसा-वास्तूंच्या संरक्षणाची नियमावली लागू झाली. या परिसरातील वास्तूंचे जतन व्हावे आणि तो कलाविभाग म्हणून विकसित व्हावा, या हेतूने १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिच्या वतीने १९९९ पासून काळा घोडा कला महोत्सव भरविला जातो. साधारणपणे फेब्रुवारीच्या प्रारंभी नऊ दिवस चालणाऱ्या या महोत्सवात के. दुभाष मार्ग वाहनांस बंद केला जातो. तेथे मांडणीशिल्पे उभारली जातात, तसेच नृत्य, संगीत, नाट्य, साहित्य यांचे विनामूल्य कार्यक्रम होतात व हस्तकारागिरांची दुकाने लागतात. महोत्सवातून मिळणारा निधी परिसराच्या जतनासाठी वापरला जावा, अशी मूळ कल्पना आहे. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. या परिसरातील अनेक वास्तू त्या समूहात येतात.

भाडेनियंत्रण व बदलते स्वरूप : काळा घोड्याच्या जडणघडणीत भाडेनियंत्रण कायद्याचा वाटा मोठा आहे. मुंबई भाडेनियंत्रण अधिनियम, १९४७ अन्वये जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या दराशी बांधले गेले. त्यामुळे शहराच्या मध्यवर्ती भागातही पुस्तकविक्रेते, चौकटी बनविणारे, छायाचित्रकार व लहान उपाहारगृहे यांना टिकून राहता आले. याची दुसरी बाजू अशी, की एवढ्या भाड्यात दुरुस्ती करणे घरमालकांस परवडेना व इमारती खचत गेल्या. एस्प्लनेड मॅन्शन हे त्याचे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने दरवर्षी चार टक्के भाडेवाढीस मुभा दिली, तसेच बँका व मोठ्या भांडवलाच्या कंपन्या यांना असलेले भाडेसंरक्षण काढून घेतले.

याच सुमारास भारतीय चित्रांचे मूल्य झपाट्याने वाढू लागले. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेचा भारतातील पहिला लिलाव येथून जवळच असलेल्या ताजमहाल हॉटेलात झाला. त्यात वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्रास २३·७ कोटी रुपये आले. गॅलरी केमोल्ड २००७ मध्ये जहांगीरमधील लहान जागा सोडून फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवरील प्रशस्त मजल्यावर गेली, तर पंडोल कलावीथी २०१० मध्ये बॅलार्ड इस्टेटला हलली. कुलाबा व फोर्ट या भागांत अनेक नव्या कलावीथी निघाल्या. काळा घोड्याच्या गल्ल्यांतून अभिकल्पकांच्या वस्त्रांची दालने, हातमागाच्या कपड्यांची दुकाने, दागिन्यांची विक्रीकेंद्रे व कॉफीगृहे यांची संख्या वाढली. यांपैकी अनेकांनी जुन्या इमारतींच्या लाकडी तुळया, फरशा व उंच छते जतन करून परिसराच्या सौंदर्यात भरही घातली आहे.

मूल्यमापन : काळा घोड्याच्या इतिहासातून शहरातील कलाजीवनाविषयी काही निष्कर्ष काढता येतात. येथील कलावीथींना प्रतिष्ठा लाभली, ती आजूबाजूच्या ग्रंथालय, संग्रहालय, उपाहारगृह व पदपथ यांच्या साहचर्याने. यांपैकी बहुतेक ठिकाणी येणाऱ्याकडे फारशा पैशाची अपेक्षा नव्हती. सोझा, आरा, हुसेन यांसारख्यांची सुरुवात अशाच परिस्थितीत झाली. परिसराची कीर्ती वाढली तशी जागांची किंमत वाढली आणि ज्या संथ, स्वस्त जागांमुळे ती कीर्ती मिळाली होती, त्याच प्रथम नाहीशा झाल्या. ‘वेसाइड इन’, ‘समोवार’ व ‘ऱ्हिदम हाउस’ ही सुमारे पंधरा वर्षांच्या अवधीत बंद पडली. त्यांच्या बंद होण्याची कारणे वेगवेगळी असली, तरी परिणाम एकच झाला.

वारसा-नियमांमुळे इमारतीचा दर्शनी भाग, कमानी व दगडी नक्षी यांचे रक्षण होते. आत कोणता व्यवसाय चालावा व तेथे कोणास बसता यावे, हे त्या नियमांच्या कक्षेत येत नाही. म्हणूनच सार्वजनिक न्यासांच्या ताब्यातील जागांचे महत्त्व वाढलेले आहे. जहांगीर कलावीथीचे माफक शुल्क व विनामूल्य प्रवेश, डेव्हिड ससून ग्रंथालयाचे वाचनदालन, रस्त्यावरील महोत्सव आणि पदपथावरील चित्रकारांची रांग यांमुळे सामान्य माणसाचा या परिसराशी असलेला संबंध टिकून आहे. एकोणिसाव्या शतकातील धनिकांनी यंत्रज्ञांच्या वाचनासाठी इमारत दिली व विसाव्या शतकातील एका दात्याने चित्रकारांसाठी दालन दिले. या दोन्ही दानांचा लाभ अनोळखी व्यक्तींस व्हावा, असा त्यांमागील हेतू होता. अशा जागा जोपर्यंत खुल्या राहतील, तोपर्यंत गावाकडून चित्रांची गुंडाळी घेऊन आलेल्या अपरिचित कलावंतास या परिसरात स्थान मिळत राहील. त्या नसतील, तर उरलेली बाजारपेठ शहरातील अन्य कोणत्याही महागड्या बाजारपेठेसारखीच असेल.